कॅन्सरचा उपचार ‘योजनेत बसतो’ म्हणजे नेमकं काय?

सेतू केंद्राच्या रांगेत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभ्या असलेल्या बऱ्याच जणांना कुणीतरी सांगितलेलं असतं की एवढा दाखला आणा, मग कॅन्सरचा उपचार फुकट होईल. दाखला पुढे उपयोगी पडतो हे खरं. पण महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिरायला तो लागत नाही. राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक आणि अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना योजनेत घ्यायचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो अंमलात आला. म्हणजे पिवळं, केशरी आणि पांढरं, तिन्ही रेशन कार्डं चालतात. कार्डच नसेल तर अधिवासाचा दाखला चालतो.

तरीही ‘आमचं उत्पन्न बसत नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि त्यामागे जुना अनुभव आहे. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. खेड्यात अजूनही पुष्कळ लोक तिला ‘जीवनदायी’च म्हणतात, आणि नावाबरोबर जुने नियमही डोक्यात राहिले आहेत. एक लाखाच्या वर उत्पन्न म्हणून पांढरं कार्ड मिळालेला, पण महिन्याला जेमतेम पंधरा-सोळा हजार कमावणारा माणूस त्या नियमांत कायम बाहेर पडायचा. त्याला आज दार उघडं आहे, हे त्यालाच बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी योजना केंद्राची, आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेवरून तयार झाली होती. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात. रुग्णालयात मदत कक्ष एकच असतो आणि आरोग्यमित्रही, म्हणजे त्या कक्षात बसून रुग्णाचे कागद बघणारा योजनेचा माणूसही, तोच. दोन्हींची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये आहे. त्यांची बेरीज करून दहा लाख होतात असा हिशेब काही जण करतात, तसं नाही. रुग्णाच्या दृष्टीनं मोठा फरक एकच. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. सुरतेला किंवा इंदूरला कामाला असलेल्या माणसाच्या घरात आजार निघाला, तर हे कार्ड असणं आणि नसणं यात फार अंतर पडतं.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला कुटुंबाचं उत्पन्न बघितलं जात नाही. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल तर आजी-आजोबांना वर्षाला वेगळे पाच लाख मिळतात, मुला-नातवंडांच्या वाट्यातून ते जात नाहीत. कॅन्सर उतारवयात जास्त गाठतो, म्हणून घरात सत्तरीचं कुणी असेल तर हे कार्ड आजार नसतानाच काढून ठेवावं. आधार असलं की झालं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की पात्र ठरतं ते कुटुंब, पण मंजुरी मिळते ती उपचाराच्या एकेका टप्प्याला. लोक पहिल्या अर्ध्यावर सगळी शक्ती खर्च करतात आणि दुसऱ्या अर्ध्यात अडकतात.

तरी पहिल्या अर्ध्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती म्हणजे नावांचा ताळमेळ. रुग्णाचं नाव रेशन कार्डावर हवं आणि ते आधारशी जुळायला हवं. लग्न होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईचं नाव माहेरच्या कार्डावरून कधी कमीच केलेलं नसतं, सासरच्या कार्डावर चढवलेलं नसतं, आणि आधारवर सासरचं आडनाव असतं. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ती रुग्णालयात पोचते तेव्हा तिन्ही कागद तीन वेगवेगळ्या बायकांचे दिसतात. मग नवरा तहसीलच्या पुरवठा विभागात, मुंबईत असेल तर शिधावाटप कार्यालयात, नाव चढवायला धावतो. शिवाय कार्ड नुसतं हातात असून भागत नाही, ते ऑनलाइन असावं लागतं आणि त्याचा बारा अंकी नंबर मिळावा लागतो. ‘कार्ड बंद पडलंय’ असं रेशन दुकानदार सहज म्हणून जातो, त्याचा खरा अर्थ रुग्णालयात कळतो. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट यायला काही दिवस जातातच. त्या दिवसांत घरातल्या एकानं हे काम उरकून घ्यावं.

आता रुग्णालय. ‘हे हॉस्पिटल योजनेत आहे का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. रुग्णालयं विशेषज्ञ शाखेनुसार जोडलेली असतात. एखादं रुग्णालय हाडांच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असेल, पण कॅन्सरसाठी नसेल. कॅन्सरच्याही तीन शाखा आहेत: शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘शेक देणं’ म्हणतात. शेक द्यायचं यंत्र महागडं, म्हणून ते मोजक्याच ठिकाणी असतं. तेव्हा विचारायचं ते असं: ‘कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि शेक, यातलं काय काय इथं योजनेतून होतं?’ उत्तर ‘फक्त ऑपरेशन’ असेल तर पुढचं कुठे होणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरवा. एका ठिकाणी ऑपरेशन, दुसऱ्या गावी केमो असं करावं लागलं तर सगळे कागद, स्लाइड आणि ब्लॉक म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, बरोबर न्यावे लागतात. सगळ्यांनी मुंबईत परळचं टाटा रुग्णालयच गाठायला हवं असंही नाही. नागपूर, बार्शी, मिरज, छत्रपती संभाजीनगर इथं कॅन्सरची रुग्णालयं वर्षानुवर्षं चालू आहेत. परळला दुसरं मत घेऊन रोजचा उपचार घराजवळ करणं पुष्कळांना झेपतं.

मंजुरीची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण रागाचे बहुतेक प्रसंग इथेच घडतात. रुग्णालय रुग्णाची नोंदणी करतं. डॉक्टर काय उपचार करायचा ते ठरवतात आणि योजनेच्या यादीतला त्याचा कोड निवडतात. मग रिपोर्ट जोडून पूर्वमंजुरीचा अर्ज ऑनलाइन जातो. बोलण्यात याला ‘प्री-ऑथ’ म्हणतात. पलीकडे योजनेचे डॉक्टर कागद तपासतात आणि मंजुरी देतात, किंवा शंका काढतात. शंका निघाली म्हणजे नाकारलं, असं समजून लोक रडकुंडीला येतात. बऱ्याचदा एखादा रिपोर्ट धूसर स्कॅन झालेला असतो किंवा उपचाराच्या आराखड्यावर सही राहिलेली असते. आरोग्यमित्राला एवढंच विचारा: ‘शंका काय काढली आहे, कोणता कागद हवा आहे?’

समजा, स्तनाच्या कॅन्सरच्या एका बाईंना आधी ऑपरेशन, मग केमोच्या काही सायकल, म्हणजे ठराविक अंतरानं द्यायच्या फेऱ्या, आणि शेवटी शेक असा उपचार सांगितला. ऑपरेशनची मंजुरी आली म्हणजे पुढचं सगळं मंजूर झालं असं होत नाही. केमोला वेगळी मंजुरी, शेकला वेगळी. केमोतही औषधांच्या प्रत्येक जुळणीला वेगळा कोड असतो आणि सायकलगणिक नोंद होते. मधेच डॉक्टरांनी औषध बदललं की अर्ज नव्यानं जातो. त्यामुळे पुढच्या सायकलच्या तारखेला सकाळी पोचून ‘आज मंजुरी यायचीय’ हे ऐकण्यापेक्षा, मागच्या सायकलच्या वेळीच पुढच्या अर्जाचं विचारून ठेवलेलं बरं. रक्ताचे रिपोर्ट दोन दिवस आधी झालेले असले तर तेही काम हलकं होतं.

मंजुरी आधी आणि उपचार नंतर, हा क्रम मोडू नये. घाबरून रोख पैसे भरून ऑपरेशन उरकलं आणि मग योजनेत दावा करू असं ठरवलं, तर ते पैसे परत मिळत नाहीत. ही योजना मेडिक्लेमसारखी नाही, बिल दाखवून पैसे मिळवायची सोय तिच्यात नाही. खरंच तातडीचं असेल, म्हणजे रक्तस्राव थांबत नाही किंवा श्वास अडकतोय, तर रुग्णालय फोनवरून तातडीची मंजुरी घेऊ शकतं आणि कागद मागाहून देता येतात. ‘ताबडतोब पैसे भरा, नाहीतर उशीर होईल’ असं कुणी म्हणालं तर ही सोय आठवणीत असावी.

यात एक मोठी फट आहे आणि तिच्याबद्दल योजनेच्या जाहिरातींत अवाक्षर नसतं. कॅन्सर आहे हे सिद्ध झाल्यावर योजना सुरू होते, पण तो सिद्ध करायलाच सोनोग्राफी, सीटी स्कॅन, बायोप्सी आणि गाठीच्या तुकड्यावरच्या पुढच्या तपासण्या लागतात. गरीब घर इथेच पहिल्यांदा कर्जात जातं, निदान होण्याआधीच. माझं स्पष्ट मत आहे की या टप्प्यावर खासगी प्रयोगशाळेची चिठ्ठी घेऊन निघण्याआधी सरकारी दार वाजवावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रत्येक तपासणी होईलच असं नाही, पण जी होते ती तरी विकत घेऊ नये. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शुल्क असतं, तेही बाहेरच्या दरांच्या मानानं बरंच कमी.

आता पाच लाखांचा हिशेब. खासगी रुग्णालयाचं बिल डोळ्यांसमोर आणून लोक म्हणतात की पाच लाख केमोतच संपतील. पण मर्यादेतून रक्कम वजा होते ती योजनेनं ठरवलेल्या दरानं, रुग्णालयाच्या दरपत्रकानुसार नाही. योजनेचे दर बाजारापेक्षा कमी असल्यामुळे तेच पाच लाख बऱ्यापैकी लांब पुरतात. मर्यादा माणशी नसून कुटुंबाची आहे, हे मात्र विसरू नये. त्याच वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली असेल तर तेवढी रक्कम कमी झालेली असते. योजनेचं वर्ष बदललं की मर्यादा पुन्हा पूर्ण होते. लांबणाऱ्या उपचारात वर्ष कधी बदलतं आणि किती रक्कम शिल्लक आहे, हे आरोग्यमित्राकडून अधूनमधून विचारून घ्यावं.

मंजूर पॅकेजमध्ये खाटेचं भाडं, डॉक्टर, भूल, औषधं, रक्त, दाखल रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. हे शेवटचं फारच थोड्यांना माहीत असतं. मंजूर झालेल्या उपचारासाठी ‘वरचा फरक भरा’ म्हणणं नियमाला धरून नाही. मात्र यादीतच नसलेला उपचार असेल तर गोष्ट वेगळी. यादीत १३५६ उपचार होते, २०२५ मध्ये ती वाढवून २३९९ करण्याचा निर्णय झाला. एवढं असूनही इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी, नवी महागडी औषधं बहुतेक वेळा यादीबाहेर राहतात. डॉक्टरांनी असं औषध सुचवलं तर संकोच न करता विचारावं: यादीतलं कोणतं औषध याच्या जवळपास काम करेल, आणि दोन्हींच्या परिणामात फरक किती? सगळेच डॉक्टर हे आपणहून सांगतात असं नाही. विचारल्यावर मात्र बहुतेक सांगतात.

ज्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात केली तो आता लागतो, योजनेच्या बाहेर राहिलेल्या खर्चासाठी. धर्मादाय रुग्णालयांना, म्हणजे ट्रस्टनं चालवलेल्या मोठमोठ्या खासगी रुग्णालयांनाही, कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये यासाठी योजना घालून दिली. रुग्णालयाला आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते आणि गरिबांचा खर्च त्यातून होतो. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. ‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर ऐकायला मिळतं. ते तोंडी न घेता अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. चकचकीत लॉबी बघून गरीब माणूस अशा इमारतीत शिरतच नाही, आणि खाट रिकामी राहण्याचं हेही एक कारण आहे.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही मदत मिळते. तिथे उत्पन्नाची अट १ लाख ६० हजारांची आहे. पैसे रुग्णाच्या हातात न येता रुग्णालयाच्या खात्यावर जातात आणि अर्ज उपचार सुरू असताना करावा लागतो. या अर्जाला फी नाही. ‘करून देतो’ म्हणत पैसे मागणारे रुग्णालयाच्या फाटकावर भेटतात, त्यांना टाळावं.

एक वर्ग मात्र या सगळ्या धावपळीत आपल्याच हक्काचं विसरतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात होत असेल, म्हणजे मासिक वेतन २१ हजारांपर्यंत असेल, तर कामगार राज्य विमा योजनेत उपचाराचा हक्क आहे, स्वतःचाही आणि कुटुंबाचाही. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के दरमहा जातच असतात. कंत्राटी कामगाराला आपला विमा क्रमांक पुष्कळदा माहीत नसतो, तो ठेकेदाराकडून काढून घ्यावा. यात आणखी एक गोष्ट आहे, जी महात्मा फुले योजनेत नाही. कामगार स्वतः कॅन्सरनं आजारी पडला आणि त्याची नोकरी आणि वर्गणी नियमात बसली, तर वाढीव आजारपणाचा लाभ म्हणून वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. उपचार फुकट झाला तरी घरी चूल पेटायला पैसे लागतातच.

गोव्यात नियम वेगळे. तिथं २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि तिलाही उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. आणि बेळगाव, निपाणी, बिदर, भालकीकडच्या वाचकांसाठी: सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या रहिवाशांना महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजनेत घेतलं आहे. कर्नाटक सरकारनं त्यावर आक्षेप घेतला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी भाषणं केली. रुग्णानं त्या वादात न पडता आपलं गाव यादीत आहे का तेवढं बघावं.

परतीचं ते एकवेळचं भाडं सोडलं तर प्रवास आणि मुक्काम योजनेत धरलेले नसतात आणि तेच हळूहळू घर पोखरतात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सवलत. त्यासाठी ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयच देतं. एसटीतही सवलत आहे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथं रुग्ण आणि नातेवाईक अल्प खर्चात राहतात. जागेसाठी वाट बघावी लागते, म्हणून टाटात पहिल्यांदा गेल्यावर त्याच दिवशी तिथल्या समाजसेवकाकडे नाव सांगून ठेवावं.

कुठे अडलं तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे महात्मा फुले योजनेचे निःशुल्क क्रमांक आहेत, आयुष्मानसाठी १४५५५. जिल्ह्याला योजनेचा समन्वयक असतो, त्याचं नाव आणि फोन मदत कक्षातून घ्या. पैसे मागितल्याची तक्रार करायची असेल तर पावती हवीच, म्हणून पावतीशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक टप्प्याला एका वहीत लिहून ठेवा. फोनवर पलीकडून सगळ्यात आधी तोच विचारला जातो.